माशीच्या डोक्यातली दुधाची माळ

माझ्या मैत्रिणीचे हात माझ्यापेक्षा चांगले होते. ती गेली त्याला आता चार महिने झाले, आणि तिच्याविषयी लिहायला बसले की पहिलं वाक्य दर वेळी हेच येतं. तीनदा मी ते खोडलं. तिचा स्वभाव, तिचं मोठ्याने हसणं, शेवटचं आजारपण, यांपैकी कशाने तरी सुरुवात केली असती तर ते शोभलं असतं. पण मी तिच्या शेजारच्या टेबलावर अडीच वर्षं बसले, आणि त्या काळात सर्वांत जास्त काय पाहिलं असेल तर तिचे हात. म्हणून आता ते वाक्य राहू देते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही दोघी नागपुरातच प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालो आणि एकाच सरांकडे संशोधनाला लागलो. सरांचं स्वतःचं आयुष्य माशांच्या अभ्यासात गेलेलं, म्हणजे पाण्यातल्या माशांच्या. कीटक त्यांनी आमच्याबरोबरच शिकायला घेतले होते, आणि हे ते मोकळेपणाने सांगत. विषय होता समूहाने राहणाऱ्या माश्यांच्या ग्रंथी: कोणती ग्रंथी शरीरात कुठे असते, तिची रचना कशी, तिच्यातून काय पाझरतं आणि त्याचा वसाहतीला उपयोग काय. सरांनी वाटणी केली. मधमाश्या तिला, गांधीलमाश्या मला.

तिच्यासाठी चिखलदऱ्याकडून सातेरी मधमाश्यांची एक पेटी आणून विभागाच्या मागच्या व्हरांड्यात ठेवली होती. माझ्यासाठी काही आणावं लागलं नाही. इमारतीच्या छज्ज्याखाली गांधीलमाश्यांची कागदी पोळी आपोआप लटकलेली असत, एकेका बारीक देठावर. माशी त्या देठाशी जाऊन पोटाचा शेवट वाकवून घासते. पोटाच्या शेवटच्या पट्टीखाली एक ग्रंथी असते, बाहेर केसांचा छोटा कुंचला असतो, आणि त्यातला स्राव देठाला फासला की मुंग्या तिथपर्यंत येऊन परत फिरतात. हे मी व्हरांड्यातल्या स्टुलावर बसून तासन्‌तास पाहिलेलं आहे. पाहण्यात मी कमी नव्हते. वाचण्यातही नव्हते. कमी पडत होते ते कापण्यात.

मेण ओतलेल्या बशीत माशी उताणी टाचायची, वर मिठाचं पाणी घालायचं, आणि भिंगाखाली घड्याळजी वापरतात तसल्या चिमट्याने एकेक पट्टी उचलायची. माझ्या पाच माश्यांपैकी तीन फाटत. तिची एकही फाटत नसे. मधमाशीचा डंख टोकाला धरून ती असा अलगद ओढायची की त्याच्यामागोमाग सगळा संसार बाहेर यायचा: विषाची पिशवी, थेंबासारखी स्वच्छ, तिला जोडलेली, टोकाला दोन फाटे फुटलेली विषग्रंथीची केसाएवढी नळी, आणि शेजारी एक आखूड पांढरट पिशवी, जिचा उपयोग काय हे तेव्हा कुणीच नक्की सांगत नसे. पाण्यात हे सगळं पसरलं की खोलीत पिकलेल्या केळ्याचा मंद वास सुटायचा. तो माश्यांचा धोक्याचा वास. तो आला की आमचे प्रयोगशाळेतले मामा, पन्नाशीचे गृहस्थ, दार उघडं टाकून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहत.

"मामा, मेलेली माशी आहे, चावत नाही," मी म्हणे.

"तिच्या बहिणी तं जिवंत आहेत ना बाई," ते तिथूनच सांगत. "वास त्याईले जाते, मले नाई."

एकदा तिने डंख असा पसरला तेव्हा सरांनी एम.एस्सी.च्या सगळ्या मुलांना बोलावून रांगेने भिंगातून बघायला लावलं. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीही बघून घ्या. असं करायचं असतं." वाईट हेतूने नव्हे, सहज म्हणाले. मी वाकून बघितलं. मला काही दिसलं नाही, कारण डोळ्यात पाणी होतं आणि ते भिंगाला लागू नये एवढीच चिंता होती.

ती हे शिकली कुठे, हे मला तिच्या घरी गेल्यावर कळलं. घर जरीपटक्याच्या अलीकडे, दोन खोल्यांचं. वडील कापडगिरणीत. आई दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. ओलसर तेंदूपान कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, बोटांचा एक फेरा, आणि टोक नखाने आत मुडपायचं. हे सगळं होईपर्यंत मला एक श्वाससुद्धा पुरा घेता येत नव्हता. बोलता बोलता मैत्रीणही शेजारी बसली आणि तिची बोटं आपोआप चालू लागली.

"आठव्या वर्षापासून वळून राहिली मी," ती म्हणाली. "पान फाटलं का माय हातावर मारे. मधमाशीचं कातडं तं पानापेक्षा मऊ आहे वं."

आई मला म्हणाली, "बस नं बाई, उभी काहून? पोट्टी सांगते का तू भल्ली पुस्तकं वाचते म्हून."

"वाचते माय," मैत्रीण म्हणाली, "आन् बोलते बी पुस्तकावानीच. तिच्या घरी भाजीवालीसंगं बी रेडिओसारखंच बोलतात."

आम्ही तिघी हसलो. मी घरी आले आणि त्या रात्री आमच्या कपाटातल्या पुस्तकांचा मला पहिल्यांदा राग आला. मला आठव्या वर्षी कुणी हातावर का मारलं नाही, असा एक मूर्ख विचार मनात आला, आणि तो मूर्ख आहे हे कळूनही गेला नाही. त्या घरात काय भोगून ते कसब आलं होतं हे मी डोळ्यांनी पाहून आले होते. तरी मला फक्त कसब दिसलं.

तिसऱ्या वर्षीच्या थंडीत ती मुख्य प्रकरणाशी आली. कामकरी माशीच्या डोक्यात, मेंदूच्या दोन्ही बाजूंना वेटोळी घालून, अळ्यांना भरवायचं दूध तयार करणारी ग्रंथी असते. एका लांब नळीला दोन्हीकडून बारीक दाणे लगडलेले, लसणाच्या माळेसारखे. कपाळाची पट्टी काढली की ती पाण्यावर तरंगून यावी आणि दुधाळ, टपोरी दिसावी. तिला मात्र दर वेळी मिळे ती पिवळट सुकलेली दोरी, दाणे कण्यांसारखे. दहा माश्या कापल्या, वीस कापल्या. मेणात बसवून पातळ काप काढले, रंगवले. कापांतही तेच: सुरकुतलेल्या पेशी.

सर म्हणाले, "हात उत्तम आहे, पण फिक्सेशन बिघडतंय." म्हणजे माशी मारल्यावर तिचे अवयव जसेच्या तसे टिकवण्यासाठी जे द्रावण वापरतात त्यात दोष आहे. तिने द्रावण बदललं. प्रमाण बदललं. वेळ बदलली. तीन वेळा पहिल्यापासून सगळं केलं.

इथे एक सांगायला हवं. ती माश्या धरायची पेटीच्या दारात. बाहेरून परागाच्या गोळ्या घेऊन उतरणारी माशी परीक्षानळीत सहज येते, पेटी उघडावी लागत नाही, बाकीच्या चिडत नाहीत. आम्ही सगळे असंच करत होतो. त्यात चूक आहे हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं, आणि सर तर माशांचे, म्हणजे त्या पाण्यातल्या माशांचे.

तिची फेलोशिप मार्चअखेर संपणार होती. गिरणीत काम कमी झालं होतं, धाकटे दोघे भाऊ शिकत होते. "मार्चपर्यंत ग्रंथी दिसली तं सर मुदत वाढवून मागतीन," ती मला म्हणाली. "नाई दिसली तं मग कोठीतरी शाळा पाहा लागते." हे तिने मलाच सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही.

जानेवारीत एका दुपारी ग्रंथालयात मला मधमाशीच्या शरीररचनेवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक सापडलं. एकच प्रत होती. मी माझ्या गांधीलमाश्यांसाठी काही मिळतं का म्हणून चाळत होते. त्यात सरळ लिहिलं होतं की ही ग्रंथी फुलते ती माशी लहान असताना, पेटीच्या आत राहून अळ्यांना भरवते तेव्हा. पुढे ती मेण गाळू लागते, मग बाहेर पडून पराग आणू लागते, आणि तोपर्यंत दुधाची ग्रंथी आटून गेलेली असते. मी ते वाक्य दोनदा वाचलं. दारात धरलेली प्रत्येक माशी म्हातारी होती. तिचं द्रावण पहिल्यापासून बरोबर होतं.

मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि पुस्तक माझ्या नावावर घेऊन घरी गेले. उद्या सांगायचं हे ठरलेलं होतं. खरंच ठरलेलं होतं. सायकलवरून सीताबर्डी पार करेपर्यंत ती कशी ओरडेल, मला कशी मिठी मारेल, हेही मी मनात पाहून घेतलं. मला त्यात सुखच वाटत होतं, कारण एकदा तरी तिला माझ्याकडून काही मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला खोलीत बोलावलं. माझे काप त्यांच्यासमोर होते.

"असं करू," ते म्हणाले, "तुमच्या गांधीलमाश्याही तीच कापून देईल. तुम्ही वर्णन लिहा. तुमची भाषा चांगली आहे."

मी "बरं सर" म्हणाले. बाहेर आले तर ती विचारतेच आहे, "काय म्हणे वं सर?"

"काही नाही," मी म्हणाले.

त्या दिवशी सांगितलं नाही. मग आठवडा गेला. आठवडा गेल्यावर सांगणं आणखी अवघड झालं, कारण ती विचारणार, तुला कधी कळलं? मग महिना गेला. पंधरा दिवसांनी पुस्तकाची मुदत संपे, मी पुन्हा शिक्का मारून आणत असे. ती माझ्या गांधीलमाश्या कापून देत होती. माझ्या बशीत तिचे हात चालत, आणि मी शेजारी बसून वर्णन लिहीत असे. ते वर्णन चांगलंच असे. पोटातली ग्रंथी जिवंत असल्यासारखी बाहेर यायची आणि मी त्या बोटांकडे पाहत मनात म्हणायचे, चुक. एकदा तरी चुक.

फेब्रुवारीत ती ग्रंथालयातून चिडून आली. "मधमाशीचं ते मोठं पुस्तक कोण घेऊन बसलं आहे वं? दोनदा गेली मी. बाहेर गेलं म्हणतात."

"माहीत नाही," मी म्हणाले.

एवढंच. मी आयुष्यात बोललेलं हे सर्वांत मोठं खोटं दोन शब्दांचं होतं.

मार्च संपला. उन्हं चढली होती, मेण मऊ पडून काप गोळा होऊ लागले होते. मामांनी बर्फाचा तुकडा आणून मेणाच्या ठोकळ्याला लावून पाहिला. शेवटच्या दिवशी तिने पेट्या, स्लाइडा, चिमटे पुसून ठेवले आणि चिमटा माझ्या टेबलावर सरकवला. "तुले लागीन," म्हणाली. एप्रिलमध्ये तिला एका मुलींच्या शाळेत नोकरी लागली. ते सांगायला ती पेढे घेऊन आमच्या घरी आली. मी चहा करायला आत गेले.

परत आले तेव्हा ती माझ्या टेबलापाशी उभी होती. पुस्तक उघडं होतं. मी खुणेचा कागद ठेवलेलं पान तिने काढलं होतं आणि ती रेघ मारलेली ओळ वाचत होती. तिचं इंग्रजी वाचन संथ होतं, ओळीवरून बोट फिरवत ती वाचायची. बोट त्या ओळीच्या शेवटी गेलं आणि पुन्हा सुरुवातीला आलं.

मग तिने शेवटचं पान उलटून शिक्के पाहिले. जानेवारी, जानेवारी, फेब्रुवारी, फेब्रुवारी, मार्च, मार्च.

"वाचलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मी इचारलं तवा तुयापाशीच होतं?"

"हो."

ती खाली बसली. चहा घेतला. बशी खाली ठेवताना आवाज होऊ दिला नाही. "मग सांगाचं ना वं," एवढंच म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला काही तरी बोलता आलं असतं.

दोन दिवसांनी सुट्टीच्या सकाळी ती विभागात आली. डोक्याला ओढणी गुंडाळून तिने पेटी उघडली, मधली चौकट उचलली आणि अळ्यांच्या घरांवर वावरणाऱ्या फिकट रंगाच्या, अंगावर लव असलेल्या कोवळ्या माश्या उचलल्या. मामा व्हरांड्याच्या टोकाला होते. तिने बशीत पहिली माशी टाचली, कपाळाची पट्टी काढली, आणि क्षणभराने मला हाक मारली, "ये, पाह्य."

मी भिंगाला डोळा लावला. पांढरीशुभ्र माळ पाण्यावर उलगडत होती. दाणा न्‌ दाणा दुधाने तट्ट फुगलेला, एकही तुटलेला नाही. इतकं सुंदर मी त्या खोलीत कधी पाहिलं नव्हतं. मला लाज वाटायला हवी होती. तीही वाटली, पण नंतर. आधी वाटला तो हेवाच. पुस्तक मी दाबून ठेवलं, तिची मुदत घालवली, आणि तरीही ही माळ तिच्याच हातून बाहेर आली.

सरांना तिने ती दाखवली. सर हळहळले, पुन्हा नोंदणी करा म्हणाले. पण शाळेची नोकरी धरली होती, घर आता तिच्या पगारावर चालणार होतं. प्रबंध राहिला तो राहिलाच. मी माझा पूर्ण केला. त्यातल्या आकृत्या तिने कापलेल्या माश्यांच्या आहेत, आणि आभाराच्या पानावर मी तिचा उल्लेख एका ओळीत केला. पुढे मी कॉलेजात प्राध्यापिका झाले.

आमची मैत्री तुटली नाही. लोकांना वाटतं तुटायला हवी होती. ती मला बोलवायची, मी जायचे. फक्त एक गोष्ट तिने बंद केली. पूर्वी काहीही नवं केलं की ते आधी मला दाखवायची. नंतर मला ते दुसऱ्यांकडून कळायचं. शाळेत ती फळ्यावर रंगीत खडूंनी माशी काढते आणि पोटाच्या चारी पट्ट्यांखाली मेणाचे आरसे, म्हणजे मेण पाझरणारे चकचकीत भाग, कसे असतात ते दाखवते, हे मला एका विद्यार्थिनीने सांगितलं. तिच्या शाळेतल्या मुली माझ्याकडे बी.एस्सी.ला येत आणि पहिल्याच आठवड्यात चिमटा असा धरत की मला कळे, ही तिची. माझे स्वतःचे विद्यार्थी तसा चिमटा कधीच धरू शकले नाहीत.

गेल्या थंडीत तिला कावीळ झाली, मग यकृताचं काहीसं निघालं, आणि तीन महिन्यांत ती गेली. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. मी दवाखान्यात रोज जात होते. दोनदा मी विषय काढायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ती म्हणाली, "थांब वं, आता झोप येऊन राहिली." खरंच झोप येत होती की नाही, मला माहीत नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिचं घर आणि गल्ली भरून गेली होती. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. तिच्या शाळेच्या मुली पांढऱ्या कपड्यांत भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि अगदी मोकळेपणाने रडत होत्या. मला तसं रडता येत नव्हतं. गर्दी ओसरल्यावर आईने मला जवळ बसवलं. दर रविवारी येत जाईन, असं मी तिला म्हणाले. आता ती म्हातारी झाली आहे, बोटं वाकडी झाली आहेत.

"तू तं तिच्या संगं होती," ती म्हणाली. "मले एक सांग. ते मोठं शिक्षण तिनं अर्धं काहून सोडलं? मी इचारलं तं म्हणे, पैसे सरले माय. खरंच पैसे सरले होते का?"

मैत्रिणीने बारा वर्षं तेच सांगितलं होतं. मला फक्त मान हलवायची होती.

मी सगळं सांगितलं. म्हाताऱ्या माश्या, कोवळ्या माश्या, पुस्तक, रेघ, शिक्के. आई मधेच म्हणाली, "हळू सांग, मले समजू दे." मी पुन्हा हळू सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "आन् तिले हे माहीत होतं?"

"हो."

"तरी तुले घरी बलावे? जेवाले वाढे?"

"हो."

"तिनं सांगतलं नाई," ती म्हणाली, "कारण मी तुया तोंडाकडे पाहू शकली नसती, हे तिले माहीत होतं. तुले का वाटलं आता पाहू शकीन म्हून?"

मी समोरची कललेली मेणबत्ती सरळ केली.

"दर आयतवारी येईन म्हणे ना तू. येऊ नको." तिचा आवाज चढला नाही. "मले तुयावर ओरडाचं नाई. पण तू दिसली का मले ते पुस्तकच दिसन. जाय आता, अंधार पडन."

मी उठले. चपला घालताना भिंतीजवळच्या मुलींपैकी एकीने माझी पिशवी उचलून दिली आणि विचारलं, "बाई, रविवारी येता ना? आम्ही आजीला सोबत म्हणून येणार आहोत. तुम्ही मॅडमच्या कॉलेजच्या गोष्टी सांगाल?"

"बघते," मी म्हणाले.

मी गेले नाही. त्या जातात. आईला दवाखान्यात नेतात, तिच्याजवळ बसून स्वयंपाक करतात, आणि त्यांतली एक तिच्याकडून बिडी वळायला शिकते आहे, धंद्यासाठी नव्हे, हात स्थिर व्हावा म्हणून. हे मला माझ्याच वर्गात बसणाऱ्या, रविवारी तिथे जाणाऱ्या एका मुलीकडून कळलं. मी तिला पुढचं विचारायचं टाळते, आणि सोमवारी ती वर्गात आली की आधी तिच्याकडेच पाहते.